हिरव्या पातींचा मिश्र पुडा: माल ताजा, लेबलं भलतीच

घरपोच मिळणाऱ्या या पुड्यात चार जुड्या येतात. त्यातल्या तिघींवर चुकीचं लेबल!

'लीक' (कांद्याच्याच कुळातली, जाड दांड्याची भाजी) लिहिलेली जुडी म्हणजे चक्क पातीचा कांदा. पात आडवी कापली की लगेच कळतं. कांद्याची पात गोल, आतून नळीसारखी पोकळ. लीकचं पान चपटं, मधोमध दुमडलेलं आणि खाली जाड पांढरा दांडा. हा घोळ पदार्थाला भोवतो. लीक समजून पात २० मिनिटं शिजवली तर लगदा होतो, आणि पात समजून लीकचा गर्द हिरवा शेंडा कच्चाच वरून पेरला तर दोरी चघळल्यासारखं वाटतं.

खरी लीक निघाली 'पातीचा कांदा' लेबलाखाली, थराथरांत माती घेऊन. बुडखा न तोडता उभी चीर द्यावी, थर फाकवून वाहत्या पाण्याखाली धुवावी. चकत्या आधीच केल्या असतील तर भरपूर पाण्यात हलवून हातानं वर उचलून घ्याव्यात. चाळणीत सगळं ओतलं की तळाची माती परत त्यांच्यावरच.

'चाइव्ह' (कांद्याच्या कुळातलीच, वरून पेरायची बारीक पात) दोन जुड्यांवर लिहिलंय. एक खरी, २-३ मिलिमीटर जाडीची पोकळ पात. ती गॅस बंद करून घालावी, नाहीतर वास उडतो. दुसरी चपटी, भरीव, चुरडली की लसणाचा वास. ती लसूण-चाइव्ह, परतायला उत्तम.

पिशवीत आत पाणी सुटलेलं, शेंडे बुळबुळीत व्हायला लागलेले. आल्याबरोबर कोरड्या कागदात गुंडाळा.

ताजेपणाला ५ पैकी ४, लेबलांना १.