लॉनमोअरचे हेड: मशीनवर फेसिंग की घरी काचेवर घासणे?

लॉनमोअरच्या इंजिनाचे हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधली सांधा बंद करणारी पातळ चकती, उडाले आहे हे एकदा नक्की झाले की नवे गॅस्केट आणण्यावाचून गत्यंतर नसते, त्यामुळे तिथे विचार करण्यासारखे फारसे काही उरत नाही. खरा प्रश्न हेड उतरवून हातात घेतल्यावर पडतो. तापून वाकलेले हेड मशीनवर फेस करून (तळाचा पातळ थर कापून सपाट करून) आणावे, की जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून घरीच घासावे? मी हे दोन्ही उपाय एकाच इंजिनावर, दोन हंगामांच्या अंतराने करून पाहिले आहेत. इंजिन जुन्या धाटणीचे, साइड व्हॉल्व्हचे आहे. म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि हेड म्हणजे फिन (हवेने थंड होण्यासाठीच्या पट्ट्या) असलेले नुसते ॲल्युमिनियमचे झाकण. पुढील मते मुख्यतः अशा इंजिनांना लागू पडतील. (होंडाच्या जीसीव्ही १६० सारख्या इंजिनात सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात असतात, तिथे हेड गॅस्केटच नसल्यामुळे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेल्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.)

पहिल्या वेळी मी फेसिंगचा मार्ग धरला, आणि त्या कामाला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परत आलेले हेड इतके सपाट होते की त्यावर पोलादी पट्टी उभी धरल्यावर ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची (फटी मोजण्याच्या साधनाची) पातही कुठे शिरत नव्हती. हाताने घासून इतका एकसारखा पृष्ठभाग मिळवायला चिकाटी लागते, हे मान्य करायला हवे. मात्र मशीनवर एका फेरीत किती धातू निघावा हे आपल्या हातात राहत नाही. माझ्या हेडवरून गरजेपेक्षा थोडा जास्तच निघाला असावा, कारण त्यानंतर थंड इंजिन सुरू करताना दोरी पूर्वीपेक्षा जोराने उलटा हिसका देऊ लागली. हेड जितके पातळ होईल तितके कॉम्प्रेशन वाढते. शिवाय साइड व्हॉल्व्ह इंजिनात उघडलेला व्हॉल्व्ह हेडच्या पोकळीतच वर येत असल्यामुळे वारंवार फेसिंग करण्याला मर्यादा पडते. हिसक्याचा त्रास तसा किरकोळ होता, सवयीने तो जाणवेनासाही झाला असता.

जे मात्र मनातून गेले नाही ते असे, की दुसऱ्याच हंगामात गॅस्केट पुन्हा त्याच जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला दोन बोल्टांच्या मध्ये उडाले. फिनवर काजळीचा पहिल्या वेळेसारखाच पंख्यासारखा डाग, दोरी ओढताना तोच फुसकारा. या वेळी हेड उतरवले तेव्हा ते सपाटच होते. मग पोलादी पट्टी ब्लॉकवर ठेवली, तर ती डुगडुगली. बोल्टाच्या दोन भोकांभोवतीचा ॲल्युमिनियम वर ओढला जाऊन तिथे बारीक कडे उभे राहिले होते. डोळ्यांना ते जवळजवळ दिसत नव्हते, पण बोट फिरवल्यावर नखाला अडत होते. पूर्वी कधीतरी कोणीतरी, बहुधा मीच, टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) न वापरता बोल्ट पिळल्याचा तो परिणाम असावा. अशा दोन उंचवट्यांवर हेड टेकले, की मधल्या भागात गॅस्केटवर पुरेसा दाब येत नाही आणि जळता वायू तिथूनच वाट काढतो. हेड मशीनवर जाते, ब्लॉक मात्र मोअरवरच राहतो. तो फेस करायचा तर इंजिन उतरवून पूर्ण खोलावे लागते आणि गॅस्केटसाठी एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही. सांध्याची निम्मी बाजू आरशासारखी करून उरलेली निम्मी न पाहताच बंद करायची, ही गोष्ट मला तेव्हापासून खटकते.

म्हणून दुसऱ्या वेळी सगळे काम घरीच केले. काच ६ मिलिमीटर किंवा अधिक जाड आणि साधी फ्लोट पद्धतीची असावी. वितळलेल्या कथिलावर तरंगत घट्ट होत असल्यामुळे ती आपल्या कामापुरती पुष्कळ सपाट असते. तिच्यावर २२० नंबरचा पेपर आणि शेवटी ४०० नंबरचा, सोबत थोडे रॉकेल. हेडच्या तळाला मार्करने आडव्यातिडव्या रेघा ओढाव्यात आणि हेड मधोमध धरून, कडांवर बोटे न दाबता, इंग्रजी आठाच्या आकारात फिरवावे. (देवनागरी आठाच्या वळणाने ते जमत नाही, तेव्हा सवयीच्या लोकांनी सांभाळावे.) दर शंभरेक फेऱ्यांनी उलटून पाहिले की कुठे शाई उरली आहे तिथे खळगा आहे, हे आपोआप कळते. रेघा पुसल्या गेल्या की थांबावे; लागतो तेवढाच धातू निघतो, हा या पद्धतीचा मोठा गुण मला वाटतो.

त्यानंतरचे दहा मिनिटांचे काम सर्वांत मोलाचे. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे पाहून, सिलिंडरच्या कडेच्या फटीत ग्रीस भरावे, म्हणजे कण खाली उतरत नाहीत. चिकटलेले जुने गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे आणि मग सपाट ऑइलस्टोन (धार लावायचा बारीक दगड) बोल्टांच्या भोकांवरून अलगद फिरवावा. वर आलेले कडे आधी चकाकते आणि हळूहळू आजूबाजूच्या धातूत मिसळून जाते. शेवटी कण आणि ग्रीस पुसून काढायला विसरू नये.

याचा अर्थ फेसिंग निरुपयोगी आहे असा नाही. पट्टीखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसत असेल, तर हाताने घासून मनगटे दुखवण्यापेक्षा मीसुद्धा हेड मशीनवर देईन. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या इंजिनात पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) पोकळीकडे गळती होऊन एअर फिल्टर तेलाने माखला असेल, तर तिथेही पारडे थोडे बदलते. कारण त्या हेडमध्ये व्हॉल्व्ह बसलेले असतात आणि ते न काढता घासल्यास गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) भुकटी शिरते. तेवढी खोलाखोल नको असेल, तर सवयीच्या हाती काम सोपवणे इष्ट. मात्र तसे केले तरी ब्लॉकवर पट्टी ठेवून पाहणे आपल्याकडेच राहते.

बसवताना दोन्ही पद्धतींत फरक नाही: गॅस्केट कोरडे, बोल्ट आडव्यातिडव्या क्रमाने तीन टप्प्यांत, टॉर्क पुस्तिकेत दिला असेल तोच. माझ्या इंजिनाचे आठांपैकी तीन बोल्ट लांब असून ते एक्झॉस्टच्या बाजूचे आहेत, म्हणून काढतानाच ते पुठ्ठ्याला भोके पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवले होते. फिनमध्ये अडकलेले सुके गवतही त्याच वेळी काढले, कारण वारा अडला की हेड पुन्हा तापून वाकणार. काचेवर घासलेल्या त्या हेडचा आता तिसरा हंगाम चालू आहे आणि एक्झॉस्टकडचे फिन अजून स्वच्छ आहेत.