ओबीडी स्कॅनर: आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीअखेरीस साताऱ्याहून पुण्यात येताना नवले पुलाच्या उतारावर चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी पेट्रोलची, ९ वर्षं जुनी. पिकअप ठीक होता, फक्त सिग्नलला उभी असताना किंचित थरथरायची. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅन मारला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणाले आणि ८,५०० रुपयांचा अंदाज दिला. बिघाडाचा कोड कोणता आला हे दोनदा विचारलं, सांगितलं नाही. मला तेच खटकलं. माझ्या गाडीबद्दल त्या स्क्रीनवर काय आलंय ते मला कळायलाच हवं.

म्हणून स्वतःचा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले कोड वाचणारं छोटं यंत्र. आधी ४५० रुपयांचा आणला होता, तो जोडला जायचा पण आकडे मध्येच अडकायचे, परत केला. दुसरा १,४०० रुपयांचा ब्लूटूथवाला, तो आजही चालतोय. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा, चावी ऑन करायची, मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं. आयफोन असेल तर घेण्याआधी नीट विचारा, जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ स्कॅनर त्याला चालत नाहीत.

कोड निघाला पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हे ज्याने ओळखलं तो धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सरच, आणि त्यालाच बदलायला निघाले होते! कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजलं. पुढचा शोध लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनच्या त्या क्षणीच्या आकड्यांत, घ्यावा लागतो.

त्यात फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे असतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी द्यावं लागतंय ते त्यावरून कळतं. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असली की उत्तम. माझी आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) +२१ होती, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून २,५०० आरपीएमला धरलं की +४ वर यायची. माझ्या गाडीत आत येणारी हवा मास एअर फ्लो सेन्सर मोजतो. त्याच्या पुढे कुठे चीर असेल तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, म्हणून ती चोरटी हवा जास्त जाणवते. वेग वाढला की तिचा वाटा नगण्य होतो. इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर उलट झालं असतं, आकडा वेगाबरोबर वाढला असता.

हे आकडे घेऊन सिंहगड रोडच्या आमच्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी टॉर्च मारून पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातले वायू परत आत येणाऱ्या हवेत सोडणारा, रबरी पाइप चाचपला. वरून धडधाकट, पण वळणाच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबला की नखाएवढी चीर उघडायची. नाना पेठेतून २२० रुपयांचा पाइप आणला. तीन दिवसांत बेरीज +३ वर आली, थरथर गेली.

जुलैत मात्र घाबरलो. भर पावसात कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि दिवा लुकलुकायला लागला, गाडी धक्के खाऊ लागली. हा फरक कृपया लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) जोरात आहे, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. मी लगेच थांबलो नाही, तीनेक किलोमीटर रेटली. मग क्रेन बोलावली. कोड पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. काका म्हणाले, "काही विकत आणू नका, आधी कॉइलची अदलाबदल करून बघू." कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड उडवून गाडी चालू केली, पाच मिनिटांत पी०३०३ आला. कॉइलबरोबर दोष सरकला. प्लग आणि इंजेक्टर हलवले नव्हते, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

तक्रारीही आहेत. माझ्या गाडीचे एबीएस आणि एअरबॅगचे कोड हा वाचत नाही. खोचून ठेवला की गाडी बंद असतानाही थोडा करंट खातो, आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर काढून ठेवा. आणि कोड उडवायचं बटण फार सोपं आहे. ते दाबण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान त्यात असतं, आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं.

गेल्या आठवड्यात दिवा पुन्हा लागलाय. पी०४२०, कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा. जुलैचे ते तीन किलोमीटर मनातून जात नाहीत. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख गरम इंजिनवर बऱ्यापैकी सपाट हवा, माझा कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरसारखाच वरखाली होतोय. पण सायलेन्सरच्या जोडाला गळती असली तरी असं दिसू शकतं. रविवारी काका गाडी वर घेऊन जोड तपासणार आहेत, तोवर कन्व्हर्टरची किंमत मी विचारलेली नाही.