'टू' लावायचा की 'आयएनजी'?

इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं की हा प्रश्न पडतो. वाँट, डिसाइड, होप, प्रॉमिस, रिफ्यूज यांच्यानंतर दुसऱ्याआधी 'टू' येतो ('टू गो'), म्हणजे इन्फिनिटिव्ह. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट यांच्यानंतर दुसऱ्याच्या शेवटी 'आयएनजी' ('गोइंग'), म्हणजे जेरंड. या याद्या पाठच करा. 'टू' पुढच्या कामाबद्दल असतो हा आडाखा बराच चालतो, पण सजेस्टपाशी फसतो: सुचवलेलं कामही पुढचंच, तरी 'आयएनजी'.

हेतू सांगताना मात्र इन्फिनिटिव्हच. 'मी चादर घ्यायला सोलापूरला आलो' याचं इंग्रजी 'आय केम टू सोलापूर टू बाय अ चादर'. मराठीतल्या 'घ्यायला', 'घेण्यासाठी'मुळे तोंडात 'फॉर बाय' किंवा 'फॉर बाइंग' येतं. इथे दोन्ही चूक.

उलट फॉर, ऑफ, विदाउट अशा प्रीपोझिशननंतर, म्हणजे नामाआधी येणाऱ्या जोडशब्दानंतर, क्रियापद आलं तर जेरंडच. यात सगळ्यात फसवा 'लुक फॉरवर्ड टू'. तिथला 'टू' स्वतःच प्रीपोझिशन आहे. त्यामुळे टॉवेलच्या परदेशी ग्राहकाला ईमेल लिहिताना 'टू मीट यू' नको, 'टू मीटिंग यू' हवं.

खरी परीक्षा स्टॉपची, कारण तिथे दोन्ही रूपं बरोबर आणि अर्थ विरुद्ध. 'ही स्टॉप्ड टू ऑइल द लूम' म्हणजे मागाला तेल घालण्यासाठी तो थांबला. 'ही स्टॉप्ड ऑइलिंग द लूम' म्हणजे त्याने तेल घालणंच बंद केलं. कारखान्यातल्या अहवालात हा फरक महागात पडेल. रिमेंबरचंही तसंच: 'टू लॉक' म्हणजे कुलूप लावायला न विसरणं, 'लॉकिंग' म्हणजे लावल्याचं आठवणं.

लेट आणि मेकला दोन्ही नकोत, कर्मानंतर नुसतं क्रियापद: 'लेट हिम गो', 'मेड हिम वेट'. पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात, मात्र मेकला 'टू' लागतो: 'ही वॉज मेड टू वेट'.