व्हँ झोन: बर्गंडीच्या शेजारची, पण दीर्घायुषी

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाइनचे भाव गगनाला भिडलेत. बर्गंडीच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्युरा हा डोंगराळ भाग आहे (ज्युरासिक युगाचं नाव याच डोंगरांवरून पडलं). द्राक्षमळे जेमतेम 2,000 हेक्टर, पण तिथली व्हँ झोन, म्हणजे ‘पिवळी वाइन’, पिढ्यानपिढ्या टिकते. 1774 सालची एक बाटली 2018 मध्ये लिलावात लाखाहून जास्त युरोंना गेली.

हे आयुष्य पिंपातच ठरतं. सावान्यँ जातीच्या द्राक्षांची वाइन ओकच्या पिंपात सहा वर्षांहून जास्त काळ मुरते. इतर वाइनची पिंपं काठोकाठ भरत राहतात. इथे उडून गेलेली वाइन मुद्दाम भरत नाहीत. मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची पातळ साय धरते, दुधावर धरावी तशी, आणि हवा हळूहळू, बेतानेच आत शिरते. साय नीट धरली नाही तर वाइन व्हिनेगरकडे झुकते आणि ते पिंप बाद होतं. लिटरमागे साधारण 62 सेंटिलिटर उरते, म्हणून बाटलीही तेवढ्याच मापाची: बसक्या बांध्याची, रुंद खांद्यांची क्लाव्हलँ. नेहमीच्या 75 सेंटिलिटरच्या खणात ती कधीकधी बसत नाही, आधी मोजून घ्या.

चव अगदी कोरडी, आम्लता धारदार. वास अक्रोडाचा आणि चक्क मेथीदाण्यांचा, कारण मेथीतला सोटोलॉन हाच घटक या वाइनमध्येही तयार होतो. पहिल्या घोटाला वाइन बिघडल्यासारखी वाटेल. शेजारी कोंते चीज ठेवा, मग ती उलगडते.

संग्रहासाठी पहिली पसंती शातो-शालों या ज्युरातल्या गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनला. या नावाखाली फक्त व्हँ झोनच विकता येते, आणि 1974, 1980, 1984, 2001 या वर्षी पीक मनासारखं नव्हतं म्हणून उत्पादकांनी ते नावच वापरलं नाही. एवढी शिस्त फार थोड्या ठिकाणी दिसते. लेबलवर नुसतं ‘सावान्यँ’ असेल तर ती व्हँ झोन नव्हे.

साठवण 12 ते 14 अंशांवर. विदर्भाच्या उन्हाळ्यात साध्या कपाटात ठेवलीत तर वाइन गेलीच समजा. पिण्याआधी काही तास उघडून ठेवा आणि 15 अंशांच्या आसपास ओता. गार केली की सुगंध मिटतो. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये कित्येक आठवडे छान राहते.

परदेशातून येताना 2 लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येतं. तीन क्लाव्हलँ मिळून 1.86 लिटर होतात. तिन्ही एकाच सालच्या घ्या: एक आत्ता, एक दहा वर्षांनी, तिसरी मुलांसाठी.