राउटरचा 18 महिन्यांचा अनुभव: तक्रार राउटरची नाही, त्याच्या अ‍ॅडॉप्टरची

हा राउटर मी जुलै 2024 मध्ये 4,100 रुपयांना घेतला. पहिले वर्ष संपल्यावर अनुभव लिहिला असता तर तो चार ओळींत आटोपला असता, कारण तोपर्यंत तक्रारीला जागाच नव्हती. गेल्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत जे घडले त्यामुळे हे लिहायला बसलो आहे, आणि यातला मोठा भाग राउटरला वीज पुरवणाऱ्या काळ्या अ‍ॅडॉप्टरविषयी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तसाच अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या ब्रँडच्या खोक्यातूनही येतो हे मी नंतर प्रत्यक्ष पाहिले, त्यामुळे वाचकाने एक नाव टाळून दुसऱ्याकडे निर्धास्तपणे वळावे असे मला वाटत नाही.

आधी राउटरच्या गुणांविषयी थोडक्यात. आमचे घर गिरगावातल्या जुन्या इमारतीत आहे, भिंती दीड फूट जाडीच्या आहेत आणि खोल्या एकीमागे एक अशा आहेत. माझ्या राउटरच्या एएक्स 1800 या नावातला 1800 हा आकडा वाय-फायच्या दोन बँडचे, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचे 574 आणि 5 गिगाहर्ट्झचे 1,201 मेगाबिट यांची बेरीज करून, पुढे वर ओढून काढलेला असतो आणि तो वेग कोणत्याही एका फोनला किंवा लॅपटॉपला मिळत नाही, हे खरेदी करणाऱ्या बहुतेकांना आता ठाऊक आहे. आमची जोडणी 100 मेगाबिटची असल्याने मला त्या आकड्याशी कर्तव्य नव्हते. बाहेरच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झवर पूर्ण 100 मिळतात, स्वयंपाकघरात दोन भिंती ओलांडून 2.4 वर 35 ते 40 मिळतात, आणि माझी पत्नी तिथे बसून हिशेबाचे काम दिवसभर करू शकते. आमच्या मजल्यावर एका वेळी 25 ते 30 नेटवर्क दिसतात. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल 1, 6 आणि 11 ही तीनच असल्यामुळे राउटरला आपोआप निवड करू देण्यापेक्षा मी हाताने 11 ठरवून टाकले, आणि तेवढ्याने व्हिडिओ कॉलमधला अडखळा गेला. इतक्या किमतीत याहून अधिक अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही.

आता मुख्य विषय. ऑगस्ट 2025 च्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्री नऊच्या सुमारास इंटरनेट दीड-दोन मिनिटे जाऊ लागले. मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिचे ऑनलाइन तास नेमके त्याच वेळी असतात. गणपतीत घरी पाहुणे आले, एकाच वेळी दहा-बारा फोन जोडले गेले आणि जाण्याचे प्रमाण एका संध्याकाळी चार वेळा इतके झाले. मी सरळ इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. त्यांच्या टेक्निशियनने फायबरच्या मोडेमवर येणारा प्रकाश मोजला तेव्हा तो उणे 26.9 डीबीएम भरला (डीबीएम हे प्रकाशाच्या शक्तीचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). अशा जोडणीत मोडेमची मर्यादा साधारण उणे 27 च्या आसपास असते, म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो. त्यांनी हिरव्या टोकाचा कनेक्टर नव्याने बसवला, कपाटामागे चिमटलेली वायर मोकळी करून सैल वळणाने घेतली आणि आकडा उणे 20 वर आला. दर 3 डीबीला प्रकाशाची शक्ती निम्मी किंवा दुप्पट होते, त्यामुळे ही सुधारणा चौपटीहून अधिक होती. मी त्यांचे आभार मानले आणि प्रश्न सुटला असे धरून चाललो. दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी इंटरनेट पुन्हा गेले.

त्यानंतर मी दोन चुका केल्या आणि त्या येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. पहिली म्हणजे मी इंटरनेट कंपनीशी फोनवर कठोर शब्दांत बोललो. दुसरी म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला आलेल्या फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमुळे राउटर बिघडला असा निष्कर्ष काढून मी राउटरच्या कंपनीला तशी लेखी तक्रार पाठवली आणि खरेदीच्या ठिकाणी दिलेले पाच तारे दोनवर आणले. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. मोडेमवरचा लाल दिवा एकदाही लागत नव्हता, म्हणजे फायबर तुटत नव्हते. राउटरचे सगळे दिवे मात्र एकदम विझून पुन्हा लागत होते. राउटरची नोंदवही उघडली तर तिच्या पहिल्या ओळींवर 1 जानेवारी 1970 ही तारीख होती. घरगुती राउटरमध्ये सहसा स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नसते, त्यामुळे वीज तुटून तो नव्याने सुरू झाला की इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो त्या तारखेपासून मोजू लागतो. राउटर बंद पडून पुन्हा सुरू होत होता एवढे यावरून ठरले. घरातली वीज मात्र जात नव्हती, कारण त्याच एक्स्टेन्शन बोर्डावरचा मोडेम चालूच राहत होता.

अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर असे छापलेले आहे. मी घरातल्या मल्टिमीटरने मोजले तेव्हा 12.2 व्होल्ट आले आणि अ‍ॅडॉप्टर निर्दोष आहे असे मी ठरवले. अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही नेमके हेच झाले. तिथे पहिल्या खेपेला मला मूळ खोके आणि बिल नसल्यामुळे परत पाठवले. दुसऱ्या खेपेला अ‍ॅडॉप्टर मोकळाच मीटरला लावून «व्होल्टेज बरोबर आहे, साहेब» असे सांगितले आणि राउटर ठेवून घेतला. सहा दिवसांनी तो «दोष आढळला नाही» अशा शेऱ्यासह परत मिळाला. त्यांच्या टेबलावर तो त्यांच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यावर चालवून पाहिला होता, त्यामुळे दोष आढळण्याचा संभवच नव्हता. तिसऱ्या खेपेला मी अ‍ॅडॉप्टर बदलून मागितला तेव्हा राउटरची वॉरंटी 3 वर्षांची असली तरी अ‍ॅडॉप्टर ही जोडवस्तू असून तिची वॉरंटी 1 वर्षाची आहे, असे मला वॉरंटीच्या कागदावरची बारीक ओळ दाखवून सांगण्यात आले. ती ओळ खरोखरच तिथे आहे. नवा अ‍ॅडॉप्टर 749 रुपयांना, तोही तीन आठवड्यांनी मिळेल, आणि घाई असेल तर नवे मॉडेल घ्या, असा सल्ला मिळाला.

ज्या वस्तूशिवाय राउटर एक क्षणही चालत नाही तिला जोडवस्तू कसे म्हणता येईल? पंख्याची मोटर 3 वर्षे आणि तिची वायर 1 वर्ष अशी हमी कोणी देऊ लागला तर आपण त्याच्या दुकानातून उठून येऊ. राउटरच्या बाबतीत मात्र आपण हे मुकाट्याने स्वीकारतो, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत 3 वर्षे लिहिलेले असते आणि अ‍ॅडॉप्टरचा उल्लेख आतल्या कागदावर असतो. 749 रुपये म्हणजे राउटरच्या किमतीचा जवळपास पाचवा भाग होतो, आणि माझा राग त्या रकमेपेक्षाही या मांडणीवर अधिक आहे.

उलगडा झाला तो लॅमिंग्टन रोडवर. आमच्या घरापासून तो चालत दहा-बारा मिनिटांवर आहे आणि तिथे मी प्रथम केवळ दुसरा अ‍ॅडॉप्टर विकत घ्यायला गेलो होतो. एका अरुंद दुकानात दुरुस्ती करणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. मी 12.2 व्होल्टची हकिकत सांगितल्यावर ते म्हणाले, «मोकळा असताना सगळेच बरोबर दाखवतात, काका. ओझे टाकून बघा.» त्यांनी दुचाकीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब अ‍ॅडॉप्टरला जोडला आणि मीटर लावले. आकडा 12.2 वरून 9.3 वर घसरला आणि तिथे थरथरत राहिला. 1.5 अँपिअर म्हणजे 18 वॅट देण्याचा दावा करणारा अ‍ॅडॉप्टर 10 वॅटलाच धापा टाकत होता. दुपारी दोन उपकरणे जोडलेली असताना राउटरची गरज त्यात भागत होती. रात्री दोन्ही बँडवर सगळे फोन, टीव्ही आणि लॅपटॉप एकदम बोलू लागले की प्रक्षेपणाला जास्त वीज लागे, व्होल्ट खाली जात आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होई. नऊ वाजण्याचे कोडे इतके साधे होते.

अ‍ॅडॉप्टरचे कवच चिकटवून बंद केलेले असते, स्क्रू नसतो, त्यामुळे ते करवतीने कापावे लागले. आत 12 व्होल्टच्या बाजूचा 680 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग, वरून फुगलेला होता. त्यावर 16 व्होल्ट आणि 85 अंश अशा त्याच्या कमाल मर्यादा छापलेल्या होत्या. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो, उष्णतेने तो हळूहळू उडून जातो, आणि कामाचे तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातला जुना आडाखा आहे. 105 अंशांचा कपॅसिटर 85 अंशांच्या कपॅसिटरपेक्षा फार तर काही रुपयांनी महाग पडतो. मुंबईच्या मे महिन्यात, कपाटामागे, हवा नसलेल्या जागी, दिवसाचे 24 तास चालणाऱ्या बंद डबीत 85 अंशांचा कपॅसिटर घालणाऱ्याला तो किती काळ टिकेल हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्या गृहस्थांनी 25 व्होल्ट, 1000 मायक्रोफॅरड, 105 अंशांचा कपॅसिटर बसवला, कवच पुन्हा चिकटवले, वरून टेप गुंडाळली, बल्ब पुन्हा लावला. मीटरवर 11.9 व्होल्ट स्थिर राहिले. मजुरीसह 80 रुपये झाले. त्यांनी मला आणखी दोन अ‍ॅडॉप्टर दाखवले, जे दोन वेगळ्या ब्रँडच्या राउटरबरोबर आले होते. ब्रँडचे नाव वेगळे होते, कवच, लेबलची मांडणी आणि उत्पादकाचे नाव तेच होते, आणि फुगलेला कपॅसिटरही त्याच जागी होता. हे काम घरी करून पाहू नये असे मी कळकळीने सांगतो. आत 230 व्होल्टची बाजू असते आणि प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्टचा भार काही काळ राहू शकतो.

ज्यांना दुरुस्ती नको आहे त्यांनी बाजारातून दुसरा अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेच घ्यावेत, अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात. हे सांगण्याचे कारण असे की राउटरांमध्ये यात एकसूत्रता नाही. टीपी-लिंकच्या एकेकाळी घरोघरी असलेल्या टीएल-डब्ल्यूआर 841 एनच्या अनेक आवृत्त्यांना 9 व्होल्ट लागतात, आजच्या बहुतेक राउटरांना 12 लागतात, आणि दोन्हींची गोल पिन डोळ्यांना सारखीच दिसते. पिनेचा बाहेरचा व्यास 5.5 मिलिमीटर असला तरी आतला 2.1 असू शकतो किंवा 2.5. लेबलावर भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. विना क्रमांकाचा 120 रुपयांचा अ‍ॅडॉप्टर घेण्याचा मोह मलाही झाला होता, तो मी टाळला.

फोनच्या बाबतीत युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून टाइप-सी सक्तीचे केले, पण ती यादी पुन्हा चार्ज होणाऱ्या उपकरणांची असल्यामुळे राउटर तिच्यात बसत नाही. तांत्रिक अडचण आहे असे म्हणावे तर अ‍ॅमेझॉनच्या ईरो 6 राउटरला टाइप-सीवरच वीज मिळते. अ‍ॅपलचा 2018 मध्ये बंद झालेला एअरपोर्ट एक्स्ट्रीम तर वीजपुरवठा पोटातच घेऊन येत असे आणि त्याला साधी वायर पुरत असे. घरातल्या फोनच्या चार्जरवर चालणारा राउटर या किमतीत मिळाला तर दुसरे काहीही न पाहता मी तो घेईन.

दुरुस्तीनंतर माझे मत बदलले आहे आणि खरेदीच्या ठिकाणचे तारे मी दोनवरून चारवर नेले आहेत. फर्मवेअरविषयीची तक्रार लेखी मागे घेतली. इंटरनेट कंपनीच्या टेक्निशियनला फोन करून दोष त्यांचा नव्हता हे सांगितले, ते मनमोकळे हसले. पाचवा तारा मात्र मी राखून ठेवला आहे. अ‍ॅडॉप्टर आता कपाटामागून काढून भिंतीवरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये लावला आहे आणि दुपारी हात लावला तर कोमट लागतो, पूर्वीसारखा चटका बसत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून आज 97 दिवस झाले, राउटर एकदाही स्वतःहून बंद पडलेला नाही आणि मुलीचा एकही तास तुटलेला नाही.

लॅमिंग्टन रोडवरून येताना मी तसाच एक 10 वॅटचा बल्ब होल्डरसह घेऊन आलो होतो. गेल्या रविवारी मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांचे अ‍ॅडॉप्टर त्यावर तपासले. एकाचा 11.8 वर टिकला. दुसऱ्या घरातल्या काकूंकडे माझ्याच कंपनीचा राउटर आहे, त्याला 15 महिने झाले आहेत आणि अजून तो बंद पडत नाही, पण बल्ब लावताच त्यांच्या अ‍ॅडॉप्टरचा आकडा 10.6 वर आला. शनिवारी मी तो घेऊन लॅमिंग्टन रोडला जाणार आहे.