बेल्ट एक्झामची फी: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

मुलीला कराटेला घातलं तेव्हा मी तिला सोडून तासभर बाकावर मोबाईल बघत बसायचो. तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "नुसते बसण्यापेक्षा तुम्हीही या की मॅटवर." बेचाळिसाव्या वर्षी पांढरा बेल्ट बांधला, त्याला आता चौदा महिने झाले. शिकवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिहायचंय ते बेल्ट एक्झामच्या फीबद्दल, कारण नाव घालताना हा प्रश्न सुचत नाही आणि नंतर विचारायचा संकोच वाटतो.

व्यवस्था अशी. महिन्याची फी वेगळी. दर तीन महिन्यांनी एक्झाम, आणि तिची फी महिन्याच्या फीच्या दीडपट. त्यात परीक्षा, नवा बेल्ट, सर्टिफिकेट सगळं आलं. आम्ही दोघं, म्हणजे दुप्पट. शिवाय एक्झामच्या आधी दोन रविवार 'स्पेशल प्रॅक्टिस', तिचे पैसे पुन्हा निराळे. सक्ती नाही म्हणतात, पण कोण आलं नाही ते बरोबर लक्षात राहतं.

पहिल्या एक्झामला पैसे देताना मला काहीच वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. बाहेरून परीक्षक आले होते. चार-पाच तास उभं राहून एकेकाला बघत होते. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहण्याच्या पवित्र्यात, माझी मागची टाच उचलली जाते, हे मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. खाली वाकून टाच हाताने दाबली आणि म्हणाले, "आता मारा पंच." फरक मलाच जाणवला. एवढ्या कष्टाचे पैसे घेतले तर बिघडलं कुठे?

दुसऱ्या वेळी काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) होता हेइआन शोदान. एकवीस हालचाली, जिथून निघायचं तिथेच परत यायचं. तीन वेळा हात वर घेऊन ब्लॉक, तिसऱ्याला जोरात किआई, म्हणजे आरोळी, आणि मग डावीकडून मागे फिरत पाऊण गिरकी. किआई दणदणीत दिली, पण गिरकी मारली उलटी. डोळे उघडून बघतो तर शेजारचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी समोरासमोर. पुढचा सगळा काता त्याच्याकडे चोरून बघत पुरा केला. निकाल? पास. ऑरेंज बेल्ट. घरी येताना मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही उलटे वळलात ना?" तो बेल्ट मी आठवडाभर बांधलाच नाही.

तिसऱ्या एक्झामला मॅट टाकायला मदत करावी म्हणून लवकर गेलो. टेबलावर खोका होता, त्यात सर्टिफिकेटांचा गठ्ठा. वरून चौथं माझं. नाव, नवी ग्रेड, त्या दिवसाची तारीख, सही, शिक्का, सगळं तयार. बाजूला बेल्ट, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी डकवलेली. मी अजून वॉर्म-अपसुद्धा केला नव्हता! एक्झाम दिली, पास झालो, टाळ्या वाजल्या, फोटो झाला. फोटोत माझा चेहरा बघण्यासारखा आहे.

पुढच्या आठवड्यात सरांना गाठून सरळ विचारलं. त्यांनी उडवून लावलं नाही, हे त्यांचं मोठेपण. हॉलचं भाडं, परीक्षकांचा प्रवास, सर्टिफिकेटमागे संघटनेला जाणारा वाटा, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "महिन्याची फी वाढवली की लोक कुरकुरतात, एक्झामची देतात. आणि एकाला नापास केलं की तो जातो, त्याच्याबरोबर दोन मित्रही जातात." यावर मी काय बोलणार? उलट्या गिरकीला पास करताना त्यांनाही बरं वाटलं नसणार.

फक्त 'ही परंपराच आहे' हे त्यांचं वाक्य मला पटलं नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये कोदोकान हे आपलं विद्यालय सुरू केलं आणि गो या पटावरच्या खेळातली 'दान'ची, म्हणजे वरच्या पायऱ्यांची, पद्धत ज्युदोत आणली. कराटेत, आधुनिक कराटेचे जनक मानल्या जाणाऱ्या फुनाकोशींनी पहिले दान दिले ते १९२४मध्ये. रंगीबेरंगी बेल्टांचं श्रेय बहुतेक वेळा कावाइशी या ज्युदो शिक्षकांना देतात, तेही १९३०च्या दशकातल्या पॅरिसमधल्या ज्युदोचं. शिकणाऱ्याला आपली प्रगती डोळ्यांनी दिसावी, एवढाच त्यातला हेतू. म्हणजे ही रंगांची शिडी शंभरेक वर्षांचीही नाही. तिच्या प्रत्येक पायरीवर तिकीट लावायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवलेलं आहे.

ब्लॅक बेल्टचा हिशोब आणखी वेगळा, तो आधीच विचारून ठेवा. तायक्वांदोत दानचं, म्हणजे ब्लॅक बेल्टचं, सर्टिफिकेट सोलच्या कुक्कीवॉन या मुख्य संस्थेकडून येतं, त्याच्या नोंदणीची फी तिकडे जाते आणि क्लासची फी तिच्यावर चढते. किती वर जातं आणि किती इथे राहतं, हे विचारण्यात गैर काही नाही. कराटेत तर सगळ्यांची मिळून एकच संघटना नाही. एका ठिकाणचं सर्टिफिकेट दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही.

हे मला स्वतःला कळलं, कारण चार महिन्यांपूर्वी मी क्लास बदलला. मुलगी मैत्रिणींमुळे तिथेच राहिली. नव्या ठिकाणी माझा ग्रीन बेल्ट बॅगेतच ठेवायला सांगितला. महिन्याची फी जास्त, पण एक्झामची फी नाही, कारण एक्झामच नाही. सर रोज बघत असतात, त्यांना वाटेल त्या दिवशी बेल्ट देतात. जिउ-जित्सूच्या बऱ्याच क्लासमध्येही असंच चालतं, बेल्टच्या टोकाला पांढऱ्या टेपच्या पट्ट्या लावत जातात.

वाटलं होतं, इथे सगळं छान असेल. पैशांपुरतं छान आहेच. पण चार महिन्यांत मी एकदाही सगळ्यांसमोर एकटा उभा राहून काता केलेला नाही. एक्झामच्या आधीचे पंधरा दिवस मी घरी रात्री सोफा सरकवून सराव करायचो, तो बंद झाला. हात थरथरत असताना पहिली हालचाल सुरू करणं हाही एक सराव होता, आणि तोही गेला. म्हणून मला एक्झाम हवीच आहे, आणि तिची फी द्यायलाही माझी ना नाही. बेल्टचे पैसे मात्र वेगळे घ्या, पास झाला तरच घ्या. नापास झालेल्याची पुढची एक्झाम फुकट ठेवा, म्हणजे नापास करून कमावतात असंही कुणी म्हणणार नाही. 'स्पेशल प्रॅक्टिस' तर बंदच करा. महिन्याची फी घेता ती कशाची मग?

रविवारी मुलीची पाचवी एक्झाम आहे. हेइआन योनदान या कातामध्ये बाजूची लाथ मारताना तिचा अजून तोल जातो, आणि ते तिलाही माहीत आहे. फी भरून झाली आहे. भरताना सरांना एवढंच म्हटलं, "हिचं सर्टिफिकेट आधी लिहू नका." ते हसले. म्हणाले, "नाही लिहीत. पण रडली तर समजूत तुम्ही काढायची."