‘चॅम्पियनशिप मॅनेजर २००१/०२’ : एकही सामना न खेळलेल्यांनाही जपणारा गेम

ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर २००१/०२’ हा संगणकावरचा गेम आज विनामूल्य मिळतो, आणि आपल्या क्लबचे विस्मरणात गेलेले खेळाडू आठवण्याची ज्यांना मनापासून ओढ आहे, अशा फुटबॉलप्रेमींनी तो अवश्य खेळावा असे माझे मत आहे. करमणुकीचे साधन म्हणून त्याची थोरवी अनेकांनी सांगितली आहे. मला तो त्याहून वेगळ्या कारणासाठी मोलाचा वाटतो. फुटबॉलचा छापील इतिहास करंडक जिंकणाऱ्यांचा आणि विक्रम करणाऱ्यांचा असतो. राखीव संघात दोन वर्षे घाम गाळून निघून गेलेल्या मुलाची दखल तो घेत नाही. ती दखल या गेमने घेतली आहे, आणि तीही त्या मुलाला कमी न लेखता.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधील दोन भावांनी १९९२ मध्ये या मालिकेतला पहिला गेम काढला, आणि पुढे त्यांची ‘स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था ही मालिका घडवत आली. २००१/०२ची आवृत्ती ‘आयडॉस’ने प्रकाशित केली. पुढे ‘स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह’ आणि ‘आयडॉस’ यांची फारकत झाली, कॉलियर बंधूंचे काम ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने सुरू राहिले आणि जुने नाव ‘आयडॉस’कडे राहिले. खेळणाऱ्याने एखाद्या क्लबचा मॅनेजर व्हायचे, खेळाडू विकत घ्यायचे, संघ निवडायचा आणि सामन्याच्या दिवशी पडद्यावर उमटणारी एकेक ओळ वाचत बसायचे. सामन्याचे चित्र दिसत नाही. वरून दिसणारे मैदान आणि त्यावर पळणारे ठिपके या मालिकेत नंतरच्या आवृत्तीत आले. चेंडू कोणाकडे आहे, फटका बाहेर गेला की गोलरक्षकाने अडवला, एवढेच शब्दांत कळते, आणि उरलेला सामना आपल्या मनात रंगतो. रेडिओवर धावते वर्णन ऐकत वाढलेल्या पिढीला या अनुभवाची ओळख करून द्यावी लागणार नाही.

गेमचा खरा ऐवज त्याच्या माहितीसाठ्यात आहे. हा साठा कार्यालयात बसून कोणी वर्तमानपत्रांवरून तयार केलेला नाही. बहुतेक क्लबांसाठी त्या क्लबला वर्षानुवर्षे पाहत आलेला एखादा माणूस माहिती पाठवत असे, आणि तो बहुधा त्याच क्लबचा निस्सीम चाहता असे. मुख्य संघाच्या सामन्यांबरोबर राखीव संघाचे आणि तरुण मुलांचे सामनेही पाहणारा असा माणूस प्रत्येक खेळाडूच्या गती, दम, पास, हेडिंग, निर्धार अशा गुणांना १ ते २० पर्यंत आकडे देई. त्याशिवाय खेळाडूची आजची कुवत आणि तो कुठवर जाऊ शकेल याचा अंदाज असे दोन आकडे २०० पैकी दिलेले असतात, पण ते खेळणाऱ्याला दिसत नाहीत. काही तरुणांच्या बाबतीत तर हा अंदाज मुद्दाम मोकळा ठेवलेला असून प्रत्येक नव्या डावाच्या आरंभी तो नव्याने ठरतो, त्यामुळे एका डावात थोर झालेला मुलगा दुसऱ्या डावात सामान्यही राहू शकतो. प्रत्यक्ष फुटबॉलमध्ये सोळा वर्षांच्या मुलाविषयी इतकेच बोलता येते, आणि या गेमने ती अनिश्चितता प्रामाणिकपणे जपली आहे.

याच साठ्यातून काही नावे अशी वर आली की ती आज जगभरच्या चाहत्यांच्या तोंडी आहेत, जरी त्यांतल्या काहींचा प्रत्यक्ष खेळ फारच थोड्या लोकांनी पाहिला. लंडनच्या मिलवॉल क्लबचा चेर्नो सांबा हा त्यांतला पहिला म्हणावा लागेल. गॅम्बियात जन्मलेला आणि लंडनमध्ये वाढलेला हा मुलगा शालेय वयात गोलांची रास लावत होता, मोठ्या क्लबांचे डोळे त्याच्यावर होते, आणि गेममध्ये त्याला घेतले की तो युरोपातला अव्वल आघाडीवीर होत असे. प्रत्यक्षात मिलवॉलच्या मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. पुढे स्पेन, इंग्लंड, फिनलंड, ग्रीस, नॉर्वे असा त्याचा प्रवास झाला आणि गॅम्बियाच्या राष्ट्रीय संघातही तो खेळला. ही कारकीर्द कोणत्याही प्रामाणिक व्यावसायिक खेळाडूला साजेशी आहे. फक्त गेमने रंगवलेल्या कारकिर्दीशी तिची तुलना केली म्हणजे ती अपुरी वाटू लागते.

इंग्लंडमधील डर्बी काउंटी क्लबच्या टोंटॉन झोला मुकोकोची गोष्ट मला याहूनही अधिक जवळची वाटते. किन्शासात जन्मलेला आणि स्वीडनमध्ये वाढलेला हा मधल्या फळीतला मुलगा डर्बीत आला तेव्हा क्लब प्रीमियर लीगमध्ये होता. २००१-०२च्या मोसमाअखेर क्लब खालच्या श्रेणीत घसरला. मुकोकोही मुख्य संघाकडून एकदाही न खेळता क्लब सोडून गेला. त्या मोसमात डर्बीसाठी फाब्रित्सिओ रावानेल्ली खेळत होता, ज्याने युव्हेंटससाठी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल केला होता. तरी या गेमवर वाढलेल्या पिढीसमोर डर्बीचे नाव काढले की पुष्कळांना आधी मुकोको आठवतो, कारण रावानेल्ली त्यांना जगाने दिला होता आणि मुकोको त्यांनी स्वतः शोधला होता.

माक्सिम त्सिगाल्कोविषयी लिहिताना मात्र मन जड होते. मिन्स्कच्या दिनामो क्लबचा हा बेलारूसी आघाडीवीर गेममध्ये एका मोसमात अविश्वसनीय संख्येने गोल करत असे, आणि छोट्या क्लबांनाही परवडेल अशा किमतीत मिळत असे. प्रत्यक्षात दुखापतींनी त्याला ग्रासले, कझाकस्तान आणि आर्मेनियात खेळून तिशीच्या आतच त्याला फुटबॉल सोडावे लागले, आणि डिसेंबर २०२० मध्ये वयाच्या ३७व्या वर्षी त्याचे निधन झाले. ही बातमी आली तेव्हा ज्या देशांत तो कधी खेळला नव्हता तिथल्या चाहत्यांनीही त्याच्यासाठी शोक केला. एका माहितीसाठ्यातील काही आकड्यांनी एका माणसाला एवढे आप्त मिळवून दिले, याचे मोल मला कोणत्याही पुरस्कारापेक्षा कमी वाटत नाही.

सगळ्यांचे असेच झाले असे मात्र नाही. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क क्लबचा मार्क कर गेममध्ये अल्प किमतीत मिळणारा उत्तम मध्यरक्षक होता, आणि प्रत्यक्षातही तो डंडी युनायटेड व ॲबर्डीनकडून खेळून पुढे मॅनेजर झाला. स्वीडनमधील हॅमरबी क्लबचा केनेडी बाकिर्चिओग्लू तर नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबपर्यंत पोहोचला. म्हणजे माहिती देणाऱ्यांची नजर अनेकदा अचूक होती. टो मदेरा हा त्याला अपवाद. पोर्तुगालच्या खालच्या श्रेणीतील गोव्हेया या क्लबचा हा आघाडीवीर गेममध्ये अजिंक्य होता, पण त्या नावाचा असा कोणी आघाडीवीर अस्तित्वातच नव्हता. माहिती पाठवणाऱ्याने स्वतःलाच खेळाडू म्हणून घातले होते. नंतरच्या अधिकृत सुधारणेत (पॅचमध्ये) त्याला काढून टाकण्यात आले. नोंदीची विश्वासार्हता राखायची तर हे करणे आवश्यक होते, असेच मी म्हणेन.

फुटबॉलप्रेमी एकत्र जमले की अनोळखी नावे निघतात, पण त्यांचा सूर बहुतेक वेळा थट्टेचा असतो. साउदॅम्प्टनच्या अली दियाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये लीड्सविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला, ५३ मिनिटे खेळला आणि पुन्हा त्यालाच बदलण्यात आले; तेव्हापासून सर्वांत वाईट खेळाडूंच्या प्रत्येक यादीत त्याचे नाव असते. मला ही स्मरणाची रीत मुळीच आवडत नाही. या गेममध्ये अत्यंत सामान्य खेळाडूच्या नावावर टिचकी मारली तरी थोर खेळाडूसारखेच पूर्ण पान उघडते : जन्मतारीख, देश, गुणांचे आकडे, आणि मोसमागणिक क्लब, सामने व गोल यांची नोंद. तिसऱ्या श्रेणीतल्या बचावपटूचे पान आणि झिदानचे पान एकाच मापाचे आहे. लोकशाहीचा हा साधा संकेत क्लबांच्या अधिकृत संग्रहालयांनीही पाळावा असे मला वाटते.

खेळाडूंइतकेच हरवलेले क्लबही इथे नांदतात, याचा उल्लेख केला पाहिजे. विम्बल्डन हा फुटबॉल क्लब लंडनबाहेर मिल्टन कीन्स शहरात हलवण्याची परवानगी मे २००२ मध्ये मिळाली. गेममध्ये तो अजून लंडनचा क्लब आहे. नुकताच लीगमध्ये बढती मिळवलेला रश्डन अँड डायमंड्स हा क्लब २०११ मध्ये संपला. भाईचुंग भुतिया १९९९ मध्ये ज्या क्लबशी करारबद्ध झाला, तो मँचेस्टरजवळचा ‘बरी’ हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला. गेममध्ये हे तिन्ही क्लब आपापल्या श्रेणीत उभे आहेत आणि खेळणाऱ्याने मनावर घेतले तर ते विजेतेही होऊ शकतात.

आता उणिवांकडे वळतो. युरोपची माहिती जितकी दाट तितकी आशियाची आणि आफ्रिकेची विरळ आहे, आणि भारतीय लीग निवडून खेळता येत नाही. महिलांचे फुटबॉल यात अजिबात नाही. जुन्या यंत्रांसाठी केलेला असल्यामुळे आजच्या संगणकावर तो बसवताना काही जुळवाजुळव करावी लागते, आणि मोठ्या पडद्यावर त्याची अक्षरे बारीक व चौकटी आखूड दिसतात. खेळाडूंची खरेदी-विक्री सरावलेल्या माणसाला फार सोपी जाते, त्यामुळे आव्हान शोधणाऱ्यांनी मोठे क्लब टाळावेत. या दोषांपैकी भारताच्या अभावाचाच मला खरा खेद आहे. २००५-०६चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, गोव्याच्या साळगावकर क्लबने २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. महिंद्रकडून खेळलेल्या युसिफ याकुबू किंवा जुजे रामिरेझ बारेतो यांची नावे राहतील, पण त्यांच्यासोबत मुंबईच्या कूपरेज मैदानावर सराव करून बाकावर बसलेल्या मुलांची नोंद कोणी इतक्या आस्थेने केलेली नाही. ती करू शकणारे चाहते आज आपल्यात आहेत, तोवरच ती करता येईल.

कोणती आवृत्ती घ्यावी, याविषयी माझे मत ठाम आहे. चाहत्यांनी परिश्रम घेऊन नव्या मोसमांचे खेळाडू घातलेल्या आवृत्त्या तयार केल्या आहेत आणि आजच्या संघांसाठी त्या चांगल्या आहेत, परंतु स्मरणासाठी खेळायचे असेल तर २००१चा मूळ साठा आणि त्यावर शेवटची अधिकृत सुधारणा एवढेच घ्यावे. अनोळखी खेळाडूंचे गुण झाकून ठेवण्याची सोय याच आवृत्तीत प्रथम आली. ती सुरुवातीलाच चालू करावी, म्हणजे खेळाडू पाहण्यासाठी माणूस पाठवल्याशिवाय त्याचे आकडे कळत नाहीत आणि शोधाचा आनंद पुरेपूर मिळतो. क्लब निवडताना मधल्या श्रेणीतला निवडावा, पहिल्याच दिवशी बाजारात न जाता त्याच्या राखीव संघाची यादी शेवटच्या नावापर्यंत वाचावी, आणि त्यातल्या किमान दोन मुलांना पहिल्या मोसमात मैदानावर उतरवावे.